कांद्याचा भाव छापता, कोकराचाही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या गुरुवारी तुमच्या शेतीच्या पानावर मेंढीपालनावर अर्ध्या पानाचा लेख होता. ‘कमी खर्चातला हमखास जोडधंदा’ असं ठळक अक्षरात वर, आणि खाली हिरव्यागार कुरणात पांढऱ्याशुभ्र मेंढ्यांचा फोटो. असलं कुरण आमच्या तालुक्यात मी तरी पाहिलं नाही, पण फोटो चांगला होता. लेख वाचून झाल्यावर सवयीप्रमाणे मी खालचा बाजारभावाचा चौकोन वाचला. लासलगाव, पिंपळगाव, सिन्नर. कांदा किमान, कमाल, सरासरी. मका, सोयाबीन, टोमॅटो, कोथिंबीर जुडी. ब्रॉयलर कोंबडी किलोला, अंडी शेकड्याला. मेंढरू कुठंच नाही. वर अर्धं पान मेंढी पाळा म्हणून, आणि पाळलेली विकायची कितीला हे एका ओळीतही नाही. एवढ्यासाठीच हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण शेवटची ओळ तेवढी कापू नका.

मी सिन्नर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातली. इगतपुरीकडचे काळे ढग आम्हाला दिसतात, पाऊस तिकडेच राहतो. साडेतीन एकर जमीन, एक विहीर, तिला फाल्गुनापर्यंत पाणी. बाजरी, थोडा कांदा, थोडा हरभरा. थोरला मुलगा माळेगावच्या एमआयडीसीत कामाला जातो. आणि मेंढरं. आज सकाळी वाड्यातून सोडताना मोजली, २४ मेंढ्या, १ नर, ११ कोकरं.

माझे सासरे दीडशेची खांड बाळगत. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कसाऱ्याचा घाट उतरायचे, शहापूर-मुरबाडकडे भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवायचे आणि मृगाच्या आधी वर यायचे, कारण कोकणातला पाऊस मेंढराला सोसत नाही. लग्नानंतर पहिली तीन वर्षं मीही गेले. दगडांची चूल, डोक्यावर आभाळ, पोर पाठीला बांधलेलं. लोकांना आता त्याचे फोटो आवडतात. मोठ्याला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा आबांनीच सव्वाशे मेंढ्या विकल्या, पंचवीस ठेवल्या आणि म्हणाले, आता रान नाही, शेतावर जेवढी जगतील तेवढीच आपली. तेव्हा समृद्धी महामार्ग नव्हता. आता तो तालुक्यातून गेला आहे, दोन्ही बाजूंना कुंपण घालून. पलीकडच्या माळावर जायचं तर मेंढरं खालच्या बोगद्यापर्यंत वळसा घालून न्यावी लागतात.

लेखात लिहिलं आहे, मेंढी रानात चरते, तिला खर्च नाही. म्हणून आमचं एक वर्ष सांगते.

मेंढरांचं वर्ष रोहिणीत सुरू होतं, चैत्रात नाही. पावसाच्या आधी तीन कामं उरकायची असतात, जंताचं औषध पाजणं, आंत्रविषाराची लस आणि कातरणी. कातरणारे दोघं भाऊ येतात, मेंढीमागे ४० रुपये घेतात. पंचवीस मेंढ्यांची एका खेपेची लोकर निघते आठ-दहा किलो. आबांच्या काळी घोंगडीवाले ही लोकर घरी येऊन न्यायचे. पिंजायची, सूत काढायचं, मागावर विणायचं आणि चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी ताठ करायची. आमच्या घरात अजून एक आहे, आबांची. पावसात भिजली की तिचा वास आबांसारखा येतो. आता काळी जाडी लोकर कुणी विचारत नाही. कातरणीला हजार रुपये मोजायचे आणि लोकर लिंबाच्या आळ्यात घालायची. ओल धरून ठेवते, एवढाच तिचा उपयोग. पण कातरल्याशिवाय सुटका नाही. लोकरीत पाणी आणि चिखल राहिला की गोचीड होतात आणि मेंढी कुढते.

मृगाचा पाऊस पडला, आठ दिवसांत बांध हिरवे झाले की शेजारी म्हणतात, चला, आता तुमची मजा. आमच्या पोटात तेव्हाच गोळा येतो. दोन-तीन महिने वाळलं भुसकट खाल्लेलं पोट एकदम कोवळ्या गवतावर पडतं. आतड्यात आधीपासून असलेले जंतू भराभर वाढतात आणि विष सोडतात, हाच आंत्रविषार. मरतं ते मरतुकडं नाही, सगळ्यात तरतरीत, सगळ्यात जास्त खाणारं कोकरू. संध्याकाळी उड्या मारत आलेलं, सकाळी पाय ताठ. पाच वर्षांपूर्वी नऊ दिवसांत माझी सहा गेली. चूक माझी होती. घरात लग्न निघालं, मागोमाग बाजरीची पेरणी आली, लस आठवड्यावर आठवडा पुढं गेली. मग दवाखान्यात गेले तर लस संपलेली. ती आली तोवर आर्द्रा लागलं होतं. लस दिल्या दिवसापासून काम करत नाही, अंगात भिनायला दोन-तीन आठवडे घेते. तेव्हापासून मी वैशाखातच जाते, थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणते आणि मेंढरं सकाळी सोडायच्या आधी मूठभर भुसकट चारते. दव सुकल्याशिवाय त्यांना गवतावर सोडत नाही. ओल्या गवताच्या टोकाला जंताची पिल्लं चढून बसलेली असतात, हे आबांना कुणी शिकवलं नव्हतं तरी दव उतरेपर्यंत ते मेंढरं अडवून धरत. पीपीआर या शेळ्यामेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस मात्र एकदा दिली की तीन वर्षांची बिनघोरी असते, आणि तिला पैसेही पडत नाहीत. ज्यांनी दिली नसेल त्यांनी द्यावी.

तरणा पाऊस, म्हातारा पाऊस सरेपर्यंत वाड्यात चिखल असतो. खुरं सडतात, मेंढी गुडघ्यावर चरू लागते. त्यावर मोरचुदाच्या पाण्यातून पाय बुडवून काढायचे. मोरचूद मेंढराच्या पायाला औषध आणि पोटात विष, हे मला फार महागात कळलं. माझ्या भावाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. खरड छाटणी झाली की काड्या-पाल्याचे ढीग पडतात. एका एप्रिलात मी म्हटलं, दादा, जाळण्यापेक्षा मला दे. ट्रॉली भरून आणली. पाला मेंढरांनी चाटूनपुसून खाल्ला. पुढच्या वर्षीही आणली, शिवाय पावसाळ्यात बागेतलं तण आणलं. मग दोन मेंढ्यांनी अचानक खाणं सोडलं, डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. दोन दिवसांत दोन्ही गेल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, बागेतलं काही घालता का? बागायतदार डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी बोर्डो मारतात. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. त्यातलं तांबं गाय बरंचसं बाहेर टाकते, मेंढीला ते जमत नाही. ते तिच्या काळजात (यकृतात) साठत राहतं, आणि एक दिवस भांडं भरलं की एकदम रक्तात उतरतं. म्हणजे आज खाल्लं आणि उद्या मेलं, असं होत नाही, म्हणूनच कळत नाही. गाईम्हशींचं खनिज मिश्रणही मेंढ्यांना घालू नये, त्यातही तांबं असतं. नाशिक जिल्ह्यात द्राक्षं आणि मेंढ्या दोन्ही आहेत. तुमच्या लेखात हे दोन वाक्यांत आलं असतं तर कुणाच्या तरी चार मेंढ्या वाचल्या असत्या.

आषाढात नर मोकळा सोडायचा. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक पुरे. त्याआधी तीन आठवडे मेंढ्यांना रोज ओंजळभर मक्याचा भरडा दिला की त्या चांगल्या फळतात. पाच महिन्यांनी, मार्गशीर्ष-पौषात, कोकरं.

आणि आता थंडीचं बोलते. निफाडला पारा पाच-सहावर उतरला की तुम्ही पहिल्या पानावर बातमी देता. द्राक्षाला तडे जातील, बागेत शेकोट्या पेटल्या, सोबत धुराचा फोटो. बरोबर आहे, लाखाचं पीक आहे. त्याच रात्री आमच्याकडे मेंढ्या व्यायच्या असतात. मेंढी बहुतेक रात्री नाहीतर पहाटे व्याते. मी कंदिलाच्या ऐवजी आता मुलाने आणलेली डोक्याला बांधायची बॅटरी घेऊन बसते. पोर पडलं की गोणपाटाने खसाखसा पुसायचं, नाकातोंडातला चिकटा काढायचा, नाळेला आयोडीन लावायचं आणि तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. अडीच-तीन किलोचा जीव असतो. ओला राहिला आणि उपाशी राहिला तर उजाडेपर्यंत राहत नाही. पहिलटकरीण कधी पिलाला लाथ मारते, हुंगतच नाही. मग तिचं डोकं काखेत धरून सड पिलाच्या तोंडात द्यायचा. दोन दिवस असं केलं की तिला माया येते. आमचे मालक दिवसभर मेंढरांमागे चालून दमलेले असतात, त्यामुळे रात्रीची ही पाळी माझी आणि सुनेची. सून नाशिक शहरातली. पहिल्या वर्षी तिने वार पडताना पाहिली आणि बाहेर जाऊन ओकली. यंदा तिने एकटीने दोन मेंढ्या सोडवल्या.

त्यात मी तीन वर्षांपूर्वी एक नर आणला, नारी सुवर्ण जातीचा. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गरोल नावाच्या बुटक्या मेंढीचा जुळं देणारा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला, त्यातला. त्याच्या लेकींना आता जुळी होतात. ऐकायला गोड आहे. पण आमच्या दुष्काळी पट्ट्यात आईला दूध एकापुरतंच असतं. दुसऱ्याला बाटलीने गाईचं दूध पाजावं लागतं, दिवसातून चार वेळा, आणि जुळ्यातली दोन्ही एकट्यापेक्षा अंगाने लहान राहतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे विक्रीच्या भावाशी तिचा संबंध आहे.

पौष-माघात हरभऱ्याचं भुसकट, तुरीची गुळी, बोरीचा पाला असं भागतं. कांदा काढणी सुरू झाली की पात. सडका कांदा मात्र बेताने. कांद्याने रक्त पातळ पडतं, गाय त्याला लवकर बळी पडते, मेंढी जरा दम धरते, पण दम धरते म्हणून पाटीभर ओतू नये. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा. रात्री वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं आमच्याच शेतात बसवतो आणि दर दोन रात्रींनी वाघूर पुढे सरकवतो. पंधरवड्यात शेताचा एक तुकडा लेंडी आणि मुताने भिजून निघतो. त्या तुकड्यातली बाजरी लांबून ओळखू येते. आबा दुसऱ्याच्या वावरात खांड बसवत तेव्हा रात्रीमागे पायलीने धान्य मिळे. आमच्या पंचवीसला कोण बोलावणार? हा एक फायदा तुमच्या लेखात खरा होता. फक्त त्यात बिबट्या नव्हता. मागल्या वैशाखात वाघुरीवरून उडी मारून एक मेंढी नेली. पंचनामा झाला, भरपाईही आली, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या रात्रीपासून मालक बाजेवर नाही, वाघुरीच्या आत झोपतात.

आता भावाकडे येते. हे एवढं वर्ष, आणि त्याचा भाव ठरायला लागतात दोन मिनिटं.

हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, पिकअप घेऊन दारात येतो. कोकराच्या कमरेवर पंजा दाबतो, मागून उचलून बघतो, ओठ वाकडे करतो. ‘अंगात भरलं नाही अजून.’ मग आकडा सांगतो. बाजारात नेलं तर तिथं अजूनही काही जण रुमालाखाली हात घालून बोटांवर सौदा करतात. बोटं त्यांची, रुमाल त्यांचा, मेंढरू आमचं. शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही कितीला गेलं, मग दुसऱ्या गावच्या बाईला कसं कळणार? लासलगावचा कांदा आज कितीला गेला हे मला इथे बसून कळतं. माझ्याच गावातलं कोकरू काल कितीला गेलं हे कळत नाही.

गेल्या आषाढातली गोष्ट. दोन नर कोकरं होती, साडेपाच महिन्यांची, जुळी, त्या नारी सुवर्ण नराच्या लेकीची. हेडी म्हणाला, ‘जोडीचे साडेदहा.’ दिसायला लहान, म्हणून साडेदहा. मालक ‘बरं’ म्हणणारच होते. शेजारी कांद्याचा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवलेला होता. मी एक कोकरू कवेत घेतलं आणि काट्यावर उभी राहिले. ७१ किलो ४००. ते खाली ठेवून एकटी उभी राहिले. ५२ किलो २००. म्हणजे कोकरू १९ किलो २००. दुसरं भरलं १७ किलो ५००. माझं वजन सगळ्या गल्लीला कळलं, ते जाऊ द्या. दोन्ही मिळून ३६ किलो ७००, म्हणजे साडेदहा हजाराला किलोमागे २८६ रुपये. भाचा नाशिकला असतो, त्याने सांगितलं होतं की शेळी-मेंढी फार्मवाले जिवंत वजनावर त्याहून बरेच जास्त घेतात. मी म्हटलं, साडेतीनशेने देते. हेडी हसला. ‘मावशी, मेंढरू काय कांदा आहे का, काट्यावर घालायला?’

मी म्हटलं, कांदा नाही म्हणूनच तर म्हणते. कांद्याला मी पाच महिने पाणी दिलं, याला पाच महिने आईच्या पोटात आणि साडेपाच माझ्या दारात सांभाळलं.

बारा हजारावर तुटलं. किलोला ३२७. काट्यावर तीनदा चढले, दीड हजार रुपये जास्त आले. मालक दोन दिवस माझ्याशी कमी बोलले, कारण हेडी त्यांचा जुना ओळखीचा. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, ते पिवळ्या कानाचं किती भरेल गं?

हेड्याला मी चोर म्हणत नाही. त्याच्या गाडीचं डिझेल, वाटेत मेलेलं मेंढरू, खाटकाकडची उधारी हे सगळं त्याच्या अंगावर असतं. जिवंत वजनाच्या साधारण निम्मंच मटण पडतं, हेही मला माहीत आहे. पण त्याचा पंजा तीस वर्षं तेच काम करतो आहे, त्याच्या पंजात काटा आहे. माझ्या पंजात नाही. आणि पुरुष मेंढरांमागे गेलेले असताना दारात सौदा करायला बहुतेक घरची बाईच असते. हेड्यालाही ते ठाऊक असतं, तो दुपारीच येतो.

भावाचं वर्षही मेंढरांच्या वर्षासारखंच असतं, ते मला तोंडपाठ आहे. आखाडात तेजी, गटारीच्या आठवड्यात तर विचारू नका. श्रावण लागला की उतार. नवरात्रात मंदी, दसऱ्यानंतर उठाव, मार्गशीर्षाच्या गुरुवारांत पुन्हा नरम, मग ३१ डिसेंबर. दोडीच्या म्हाळोबाच्या यात्रेआधी आमच्या भागात बोकडांबरोबर एडक्यांचीही विचारणा वाढते. बकरी ईदला भरलेल्या नराला चांगले पैसे येतात, पण ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२४ ला १७ जूनला होती, २०२५ ला ७ जूनला, २०२६ ला मेच्या अखेरीस. म्हणजे ईदसाठी नर ठेवायचा तर नर सोडण्याचा महिनाही हळूहळू मागे घ्यावा लागतो. हे गणित हेडी करतात, आम्ही करत नाही. करायचं तर मागच्या चार-पाच वर्षांचे आकडे कुठंतरी छापलेले हवेत. कांद्याचे आहेत. माझ्या दिराने तुमच्याच पेपरची कांद्याची कात्रणं दहा वर्षं वहीत चिकटवली आहेत, आणि चाळीत कांदा किती ठेवायचा ते तो त्या वहीवरून ठरवतो. मेंढरांची अशी वही करायची म्हटली तर चिकटवायला काही नाही.

सरकारचं लक्ष नाही असंही नाही. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर ७५ टक्के अनुदानावर मिळतात. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या मेंढ्या मोजल्या तर ७ कोटी ४० लाखांवर भरल्या. मेंढ्या देतात, मोजतात, टोचतात. तोलत मात्र कुणी नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं एवढंच. आठवड्यातून एकदा, कांद्याच्या चौकोनाखाली, जिल्ह्यातल्या दोन-तीन मोठ्या बाजारांचा मेंढरांचा भाव छापा. नगावर नाही, जिवंत वजनाच्या किलोवर. नर कोकरू, मादी कोकरू, भाकड मेंढी, किमान आणि कमाल. बस्स. ‘मेंढी ६,००० ते १२,०००’ असं छापू नका, त्यातून हत्तीपण निघून जाईल. तुमचा बातमीदार बाजारात येईल तेव्हा तिथे काटा नाही हे त्याला दिसेलच. कांद्याच्या ट्रॉलीला टनांचा काटा आहे, पावतीही फाडतात. मेंढरांच्या जागेवर पिंजऱ्यासकट दोनशे किलोचा एक काटा ठेवा म्हणून त्याने दोन ओळी लिहिल्या तर बाजार समित्या वाचतील. आमच्या अर्जापेक्षा तुमच्या दोन ओळी लवकर पोचतात, हा अनुभव आहे.

काही जण म्हणतील, वजनावर विक्री आली की लोक मीठ चारून, पाणी पाजून मेंढरं काट्यावर आणतील. आणतील. मीसुद्धा मोह झाला तर आणीन. त्यावर उपाय सोपा आहे, सकाळी चरायला सोडायच्या आधी रिकाम्या पोटी वजन करायचं. आणखी काही जण म्हणतील, मेंढराचा दर्जा वजनाने कळत नाही. तेही खरं. कांद्याचा तरी कुठं कळतो? म्हणून तर किमान आणि कमाल असे दोन आकडे छापता.

लेखकाला एक निरोप. त्यांनी एकदा मार्गशीर्षात रात्री आमच्या वाड्यावर यावं. गोणपाट आणि चहा आमच्याकडे असतो. डोक्याची बॅटरी त्यांनी आणावी, आमच्याकडे एकच आहे.

आज वाड्यात ११ कोकरं आहेत, त्यातले ६ नर. ते मी चैत्रात काढणार आहे. प्रत्येकाचं वजन आणि मिळालेले पैसे एका पोस्टकार्डावर लिहून तुम्हाला पाठवीन, छापायचे तर छापा. कसं छापायचं त्याचा नमुना म्हणून गेल्या आषाढातली जोडी खाली देते. हीच ती ओळ, जी कापू नका म्हटलं होतं.

सिन्नर तालुका, घरपोच विक्री, आषाढ : नर कोकरू, साडेपाच महिने, नग २, वजन ३६ किलो ७००, जिवंत वजनाला किलोमागे ३२७ रुपये.

आपली नेहमीची वाचक,
एक मेंढपाळ बाई,
ता. सिन्नर, जि. नाशिक